पाच महिन्यांच्या बाळाच्या जांघेत येणारी गाठ: थांबायचं की ऑपरेशन करायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की पाच महिन्यांचा मुलगा रडला किंवा त्यानं जोर केला की उजव्या जांघेत गाठ येते आणि झोपला की जाते. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, पण घरची वडीलधारी म्हणतात, वर्षाचा होऊ दे, तोवर पट्टा बांधू. माझं स्पष्ट मत: थांबू नका, आणि पट्टा तर अजिबात नको.

वृषण जन्माआधी पोटातून खाली उतरतात, तेव्हा पोटाच्या अस्तराची एक नळी सोबत येते. ती बंद व्हायला हवी. राहिली उघडी, तर त्यातून आतडं जांघेत येतं. हा हर्निया आपोआप बरा होत नाही. ‘आपोआप जातं’ हे वडीलधारी म्हणतात ते दुसऱ्या दोन गोष्टींबद्दल खरं आहे. बेंबीचा फुगवटा बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांपर्यंत बसतो आणि अंडकोषात नुसतं पाणी असेल तर तेही बहुधा दीड-दोन वर्षांत जिरतं. बॅटरी लावून पाणी आहे का ते घरी ठरवू नका. तान्ह्या बाळाचं आतडंही उजेडात तसंच चमकतं.

पट्ट्यानं नळी बंद होत नाही. उलट आतडं खाली उतरलेलं असताना पट्टा बसला तर दाब थेट आतड्यावर येतो.

घाई का, तर आतडं अडकण्याचा धोका पहिल्या वर्षातच सर्वांत जास्त असतो. गाठ कडक झाली, हात लावू देत नाही, बाळ शांतच होत नाही, उलटी होतेय, विशेषतः हिरवी, तर दूध बंद करा आणि लगेच निघा. गाठ दाबत बसू नका, सकाळची वाटही बघू नका. १०८ ला फोन करा. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, शिवाय त्याच बाजूच्या वृषणावरही दाब येतो.

तपासणीच्या वेळी बाळ शांत असतं आणि गाठ दिसतच नाही. म्हणून रडताना मोबाईलवर फोटो काढून ठेवा, दोन्ही जांघा एकाच फोटोत येतील असा. चांगला फोटो असला की बऱ्याचदा सोनोग्राफीची गरज पडत नाही.

ऑपरेशनमध्ये जांघेच्या घडीत दीड-दोन सेंटिमीटरचा छेद घेऊन ती नळी वर, पोटाच्या तोंडाशी बांधतात. मोठ्यांसारखी जाळी बसवत नाहीत. दुर्बिणीनेही होतं, पण शोध लहान मुलांच्या सर्जनचा आणि तान्ह्या बाळांना नेहमी भूल देणाऱ्या डॉक्टरांचा घ्या. माझ्या मते छेदाच्या आकारापेक्षा हे कितीतरी महत्त्वाचं. भुलीआधी अंगावरचं दूध चार तास आणि वरचं दूध सहा तास बंद. ‘थोडंसंच पाजलं’ असं असेल तर लपवू नका, दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. सर्दी-खोकला, ताप असेल तर आधी कळवा. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर तेही आवर्जून सांगा. अशी बाळं भुलीनंतर मध्येच श्वास थांबवू शकतात, म्हणून एक रात्र ठेवून घेतात. बाकी बाळं बहुतेक त्याच दिवशी घरी जातात. पण ऑपरेशन कोल्हापुरात आणि घर लांब, गडहिंग्लज-चंदगडकडे असेल तर ती रात्र कोल्हापुरातच काढा.

घरी दुखण्यासाठी पॅरासिटामॉल वजनावर देतात. इथे एक चूक फार होते: थेंबांच्या बाटलीत १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं, साध्या सिरपमध्ये ५ मिलीमध्ये १२० किंवा १२५. सिरपचं माप थेंबांच्या बाटलीतून दिलं तर चौपट डोस जातो. चिठ्ठीवर कोणती बाटली लिहिलीय ते मेडिकलमधून निघण्याआधी ताडून बघा. अंडकोष थोडा सुजेल, तो काही दिवसांत उतरतो. जखम लाल होऊन पाणी आलं, ताप आला किंवा गाठ पुन्हा दिसली तर दाखवा.

खर्चाचं म्हणाल तर आधी सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, चौकशी करा, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या.

तपासणीत दोन्ही वृषण खाली आहेत का, हेही विचारून घ्या. अशा हर्नियासोबत कधीकधी वृषण वरच राहिलेलं असतं. सहा महिन्यांनंतर ते आपोआप उतरण्याची शक्यता फार कमी, आणि ते खाली आणून बसवण्याचं ऑपरेशन सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान व्हावं लागतं. हर्नियासोबतच झालं तर दुसरी भूल टळते.