रानात खड्डा खणणाऱ्या मुलीच्या वडिलांना

स. न. वि. वि.

तुमचे चार पानी पत्र मिळाले. तुम्ही मंगळवेढा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहात आणि घरची जमीन कोरडवाहू आहे. मुलीला बारावीला ८४ टक्के मिळाले, पण नीटमध्ये वैद्यकीय प्रवेशापुरते गुण पडले नाहीत. सीईटीच्या गुणांवर तिला कृषी पदवीला प्रवेश मिळण्यासारखा आहे, आणि तो घेऊन पुढे धान्यपिकांच्या, विशेषतः कमी पाण्यावर येणाऱ्या ज्वारीच्या संशोधनात जाण्याची तिची इच्छा आहे. तिने आणखी एक वर्ष नीटसाठी द्यावे, कृषीलाच जायचे असेल तर एमपीएससी करून अधिकारी होण्याचे लेखी कबूल करावे, नाहीतर स्थळे पाहायला सुरुवात होईल, असे तुमचे म्हणणे आहे. मी तिला समजावून सांगावे अशी विनंती करून तुम्ही पत्र संपवले आहे. ही विनंती मला मान्य करता येत नाही. मला जे सांगायचे आहे ते तुम्हालाच सांगायचे आहे.

अठरा वर्षांच्या मुलीकडून भविष्याची लेखी हमी मागणे आणि ती न दिल्यास लग्नाचा विषय काढणे याला मार्गदर्शन म्हणत नाहीत, ती धमकी आहे, आणि शिक्षक असलेल्या माणसाच्या हातून ती लिहिली गेली याचे मला फार वाईट वाटले. तुमच्या चार पानांत मेहुण्याच्या डॉक्टर मुलाचा उल्लेख आहे, भावकीचा आहे, स्टाफरूममध्ये विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचा आहे. मुलीविषयी, म्हणजे ती काय करते आणि कशात रमते याविषयी, एकच वाक्य आहे आणि तेही तक्रार म्हणून आले आहे. जानेवारीत, परीक्षा तोंडावर आलेली असताना, ही मुलगी रानात कमरेएवढा खड्डा खणून ज्वारीची मुळे बघत बसली होती, असे तुम्ही लिहिले आहे. त्याखाली तिने स्वतःच्या अक्षरात दोन ओळी जोडल्या आहेत. एकाच आठवड्यात पेरलेल्या दोन रानांपैकी तुमच्या रानातील मालदांडी या जुन्या वाणाची ज्वारी फुलोऱ्यापर्यंत उत्तम होती, नंतर कणसे अर्धवट भरली आणि ताटे लोळली. बांधापलीकडच्या शेजाऱ्यांची ‘फुले सुचित्रा’ या वाणाची ज्वारी मात्र भरली. ‘आपल्या ज्वारीने पाणी आधीच पिऊन संपवले, की खाली पाणी असूनही तिची मुळे तिथवर पोहोचलीच नाहीत?’ असा तिचा प्रश्न आहे.

गुरुजी, हा प्रश्न पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थ्यालाही सहसा इतक्या नेमकेपणाने विचारता येत नाही. तुमच्या मुलीने एका ओळीत दोन पर्याय मांडले आहेत, ते दोन्ही तपासून पाहता येण्यासारखे आहेत, आणि तपासण्यासाठी तिने खड्डा खणला. तिच्या ८४ टक्क्यांपेक्षा हा खड्डा मला अधिक बोलका वाटतो.

मुलीच्या जातीला उन्हातान्हात रानात उभे राहणे शोभत नाही, असेही तुम्ही लिहिले आहे. तुमच्या आईने आणि पत्नीने आजवर खुरपणी, ज्वारीची काढणी आणि कणसांची खुडणी उन्हातच केली असेल. सोलापूर जिल्ह्यातील ज्वारी बायकांच्या श्रमांवर घरात येते हे तुम्हाला मी सांगण्याची गरज नाही. रानात मजुरी करणारी बाई आपल्याला चालते, आणि त्याच रानात वही घेऊन उभी राहणारी, त्या कामाचा पगार घेणारी मुलगी खटकते. यावर तुम्ही एकदा शांतपणे विचार करावा.

आता तुमच्या पत्रातील एका गैरसमजाबद्दल, कारण तो सर्वत्र आढळतो. ठिबक सिंचन आले, शेततळी झाली, आता पाण्याच्या बाबतीत संशोधनाचे काम उरले आहे कुठे, असे तुम्ही विचारता. ठिबकमुळे पाणी वाया जाणे थांबते, पण त्यासाठी आधी विहिरीत पाणी असावे लागते. तुमच्याकडची रब्बी ज्वारी बहुतांशी पाण्याच्या पाळीशिवाय, पावसाळ्यात जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरल्यानंतर तिच्या वाट्याला फारसा पाऊस येत नाही. ही ओल म्हणजे पुढच्या सुगीपर्यंत पुरवायची कणगी आहे. पिकाने ती पहिल्या दोन महिन्यांत भराभर पाने वाढवण्यात संपवली, तर दाणा भरण्याच्या वेळी तळ दिसू लागतो, कणीस पोचट राहते, ताणाखाली आलेल्या खोडात खडखड्या रोग शिरतो आणि ताटे लोळतात. म्हणून कमी पाण्यावर येणारा वाण म्हणजे कमी पाणी पिणारा वाण, ही समजूतच चुकीची आहे. पान हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड ज्या छिद्रांतून आत घेते त्याच छिद्रांतून पाण्याची वाफ बाहेर जाते. पाणी पिणेच कमी केले तर वाढही कमी होते आणि उत्पन्नही घटते. जमिनीतील शक्य तितके पाणी मुळांनी उचलावे, त्यातले पुरेसे पाणी फुलोऱ्यानंतरच्या दिवसांसाठी राखले जावे आणि तयार झालेल्या अन्नाचा मोठा वाटा दाण्यात उतरावा, या तिन्ही गोष्टी एका वाणात आणणे हे खरे काम आहे. ऑस्ट्रेलियात गव्हावर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दाणा भरताना खोल थरातून पिकाने सुमारे १० मिलिमीटर जादा पाणी उचलले तेव्हा हेक्टरी सुमारे सहा क्विंटल उत्पन्न वाढल्याचे दिसले. पावसाच्या एका चांगल्या सरीएवढे हे पाणी, पण योग्य वेळी मिळालेले! तुमच्या मुलीचा प्रश्न नेमका इथे येऊन पोहोचतो.

इतकी वर्षे संशोधन होऊनही आमच्या रानात फरक पडला नाही, ही तुमची तक्रार मी हलक्यात घेत नाही. सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र १९३३ पासून आहे, आणि तुम्ही आजही पेरता ती मालदांडी ३५-१ तुमच्याच जिल्ह्यातील मोहोळच्या केंद्रावर १९३०च्या दशकात निवडलेली आहे. खरिपाच्या ज्वारीत १९६४ साली सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला आणि उत्पन्नाचे चित्र पालटले. रब्बीत तसे घडले नाही. रब्बीच्या ज्वारीला भाकरीची चव लागते, दाण्याला मोत्यासारखी चकाकी लागते, जनावरांसाठी उंच व गोड कडबा लागतो, आणि हे सगळे ओलीच्या भरवशावर मिळावे लागते. केवळ दाण्याचे वजन वाढवणारा वाण शेतकऱ्याने घरात घेतला नाही, आणि त्यात त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. तरीही काम थांबलेले नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने जमिनीच्या खोलीनुसार वेगळे वाण दिले आहेत: हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, भारी जमिनीसाठी फुले वसुधा. तुमच्या रानात मुरूम किती फुटांवर लागतो हे पाहिल्याशिवाय मालदांडी पेरण्याचा निर्णय झाला असेल, तर शेजाऱ्यांच्या कणसांचे अर्धे उत्तर तिथेच असू शकते. तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करावी, शेवटची दातेरी कोळप्याने करून भेगा बुजवाव्यात, ही शिफारसही अशाच दीर्घ निरीक्षणांतून आली आहे.

या कामाला वेळ किती लागतो, हे तुम्ही आणि तिने, दोघांनीही आधी समजून घ्यायला हवे. गव्हाच्या पानातील जड कार्बनच्या (कार्बनच्या किंचित वजनदार अणूंच्या) प्रमाणावरून ते झाड पाणी किती काटकसरीने वापरते हे ओळखता येते, असे ग्रॅहम फारकर आणि रिचर्ड रिचर्ड्स या ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये दाखवले, आणि त्या निकषावर निवडलेला ड्राइसडेल हा वाण शेतकऱ्यांच्या हाती आला तो २००२ मध्ये. त्याचा फायदाही मुख्यतः कोरड्या, साठलेल्या ओलीवर पीक घेणाऱ्या भागांत आणि कोरड्या सालांतच ठळक दिसतो. ज्वारीची प्रकाशसंश्लेषणाची रीत गव्हाहून वेगळी असल्याने ही युक्ती तिला तशीच लावता येत नाही. म्हणून ज्वारीच्या संशोधकांनी दुसरा मार्ग धरला: शेवटपर्यंत पाने हिरवी ठेवणारा स्टे-ग्रीन हा गुण. इथिओपियातील ज्वारीपासून आलेल्या बी-३५ या वाणात तो आढळला, आणि खोलात गेल्यावर असे दिसले की अशी झाडे सुरुवातीला पानांचा पसारा आटोपशीर ठेवून फुलोऱ्यानंतरसाठी पाणी शिल्लक ठेवतात. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत माती भरलेल्या दोन मीटर उंचीच्या नळ्यांत झाडे वाढवून, त्या नळ्यांचे वजन पुन्हा पुन्हा करून, कोणत्या झाडाने कोणत्या आठवड्यात किती पाणी प्यायले हे मोजले जाते. तुमच्या मुलीला ती व्यवस्था एकदा पाहायला मिळाली, तर आपण खणलेल्या खड्ड्याचे पुढे काय होते हे तिला कुणी सांगावे लागणार नाही.

तिच्यासाठी ही वाट सोपी आहे असे मी म्हणणार नाही. कृषी पदवीची चार, एम.एस्सी.ची दोन आणि पीएच.डी.ची किमान तीन वर्षे धरली, तर ती स्वतंत्रपणे काम करू लागेपर्यंत सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची होईल. कृषी विद्यापीठांतील रिक्त जागांची भरती रेंगाळते. जालना आणि इतरत्र असलेल्या बियाणे कंपन्यांत चांगल्या नोकऱ्या आहेत, पण त्या प्रामुख्याने मका, कापूस, भाजीपाला यांच्या संकरित वाणांवर. शेतकरी घरचेच बी ठेवतो अशा रब्बी ज्वारीत कंपनीला रस कमी, त्यामुळे हे पीक सरकारी संशोधनावर अवलंबून राहते. तिने ज्वारीचाच हट्ट न धरता पाण्याचा ताण हा विषय पक्का धरावा, म्हणजे हरभरा, बाजरी किंवा मका कोणतेही पीक पुढे आले तरी तिचे ज्ञान उपयोगी पडेल. वनस्पती शरीरक्रियाशास्त्र किंवा पीक पैदासशास्त्र यांपैकी एक मुख्य विषय घ्यावा आणि संख्याशास्त्राला टाळू नये. आजकाल ड्रोनने घेतलेल्या छायाचित्रांतून हजारो झाडांची मोजमापे हाती येतात, ती वाचता आली नाहीत तर संशोधक परावलंबी होतो.

परीक्षांविषयी थोडक्यात: पदव्युत्तर प्रवेशासाठी राज्याची आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेची अशा दोन्ही प्रवेश परीक्षा तिने द्याव्यात, आणि पुढे नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. एमपीएससीचा मार्ग वाईट नाही, कृषी सेवेत चांगली माणसे हवीच आहेत. पण ज्यांना त्या कामाची ओढ नव्हती अशी कितीतरी कृषी पदवीधर मुले पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत पाच-सहा वर्षे घालवून रिकाम्या हातांनी गावी परततात, हे मी जवळून पाहतो. हमीपत्राने ओढ निर्माण होत नाही. पुन्हा नीट देण्याबद्दल माझे स्पष्ट मत असे की तिला डॉक्टर व्हायचे नाही, म्हणून ते वर्ष तिने देऊ नये.

येत्या आठवड्यात प्रवेशाचे विकल्प भरावे लागतील. त्यात विद्यापीठाच्या घटक महाविद्यालयांना आधी आणि खासगी महाविद्यालयांना नंतर स्थान द्यावे, भले घरापासून लांब जावे लागले तरी. कारण घटक महाविद्यालयाला लागून विद्यापीठाचे प्रयोगक्षेत्र असते, तिथे शास्त्रज्ञ काम करत असतात आणि पहिल्या वर्षाच्या मुलीलाही त्यांच्यामागून हिंडता येते. वसतिगृह मिळते का ते आधी चौकशी करून ठेवा. डिसेंबर-जानेवारीत ज्वारी दाण्यात असताना तिला घेऊन मोहोळच्या केंद्रावर जा. आधी फोन करून वेळ घेतली, तर तिथले लोक प्रयोगाचे वाफे दाखवतात. तुम्ही सोबत असावे, पण प्रश्न तिला विचारू द्यावेत. तोवर रब्बीच्या पेरणीला तुमच्या रानाचा एक लहान तुकडा तिच्या स्वाधीन करा, त्यात मालदांडी आणि सुचित्रा शेजारी-शेजारी पेरू द्या आणि त्या तुकड्यात कोणती मशागत कधी करायची हे तिलाच ठरवू द्या.