साताऱ्याचा घाट पळणाऱ्याला मुंबईची पूर्ण मॅरेथॉन सोपी जाते का? आणि बूट कोणते घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन 2 तास 10 मिनिटांत झाली, आता जानेवारीत मुंबईला पहिली पूर्ण मॅरेथॉन करायची आहे, आणि ‘यवतेश्वरचा घाट चढणाऱ्याला मुंबईची सपाटी म्हणजे काहीच नाही’ असं सगळे सांगतायत.

सगळे सांगतायत ते साफ चूक आहे. हे वाक्य आमच्या मैदानावर इतक्या वेळा कानावर पडतं की बुटांच्या आधी त्याचाच समाचार घेतो.

घाटाने दम वाढतो, हे खरं. पण मॅरेथॉनमध्ये माणूस दमाने अडत नाही. 32 किलोमीटरला धाप लागलेली नसते, बोलता येत असतं, आणि तरी पाय उचलत नाही. शरीरात ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, साधारण 400 ते 500 ग्रॅम असते. म्हणजे 1600 ते 2000 कॅलरी. 70 किलोचा माणूस पळताना किलोमीटरला ढोबळमानाने 70 कॅलरी जाळतो. 21 किलोमीटरला 1480 च्या आसपास लागतात, ते साठ्यात भागतं. 42.195 ला 2950 लागतात, ते भागत नाही. उरलेलं चरबीतून आणि वाटेत खाल्लेल्यातून यायला हवं, आणि जितकं जोरात पळाल तितका साखरेचा वाटा वाढत जातो. म्हणून हाफ कितीही डोंगराची असो, पूर्ण मॅरेथॉनमध्ये जिथे माणूस संपतो ती जागा तिने दाखवलेलीच नसते.

आमच्यासोबत रविवारी पळणारा एक जण आहे. सैन्यभरतीच्या तालमीत तयार झालेला, 1600 मीटरला आजही भल्याभल्यांना मागे टाकतो. तुमच्यासारखाच घाटातला वेळ घेऊन मुंबईला गेला. ठरवलं होतं 4 तास, म्हणजे किलोमीटरला 5 मिनिटं 41 सेकंद. पहाटेचा गारवा, भोवती गर्दी, पायाखाली सपाट रस्ता; 5:15 सुद्धा त्याला आरामाचं वाटत होतं. हाफला घड्याळ 1 तास 53. तीसला 2 तास 46, म्हणजे वेग आधीच सहा मिनिटांवर आलेला, पण ते त्याच्या ध्यानात आलं नाही. पुढचे 12.2 किलोमीटर त्याला 1 तास 52 मिनिटं लागली. परतीच्या पेडर रोडचा चढ आपल्या समर्थ मंदिरापुढच्या घाटातल्या पहिल्या वळणाइतकाही अवघड नाही, आणि तो त्याने रेलिंगला हात लावत चालत काढला. पोटऱ्यांत गोळे, ऊन डोक्यावर. शेवटचा वेळ 4 तास 38. पहिल्या किलोमीटरपासून 6:10 धरलं असतं तर 4 तास 20 मिनिटांत पोचला असता.

परत आल्यावर मैदानावर निष्कर्ष काय निघाला? ‘स्पीडवर्क कमी पडलं.’ इथेच माझं आणि भरतीवाल्यांचं पटत नाही, आणि कधी पटेल असं वाटत नाही. साताऱ्याला सैन्याची परंपरा आहे, अपशिंग्यासारखं घराघरांतून सैनिक देणारं गाव आहे, पहाटे रस्त्यावर पोरं पळताना दिसतात याचा मला मनापासून अभिमान आहे. पण 1600 मीटरची तालीम म्हणजे रोज छाती फुटेपर्यंत पळणं, आणि तीच मोजपट्टी 42 ला लावली जाते. कुणी सात मिनिटांच्या वेगाने चाललं की ‘पळतोयस की फिरायला आलायस?’ हमखास. वाद वाढला की मोहीच्या ललिता बाबरचं उदाहरण येतं: मुंबई मॅरेथॉनही भारतीय महिलांत जिंकली आणि 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीतही गेली. ती पूर्णवेळ खेळाडू होती. नोकरी सांभाळून आठवड्यात चार दिवस पळणाऱ्याने तिच्याकडून जिद्द घ्यावी, वेळापत्रक नाही.

तुमच्या आठवड्यातले चारपैकी तीन दिवस असे हवेत की पळताना पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. तुमच्या वेळेवरून तो वेग 6:50 ते 7:15 येईल. लाज वाटेल, वाटू द्या. चरबी जाळायची सवय आणि स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या याच वेगाने वाढतात. चौथ्या दिवशी जोरात पळा, हरकत नाही.

रविवारची लांब धाव घाटात करू नका. वाढे फाट्यावरून लोणंद रस्त्याला लागा, बऱ्यापैकी सपाट आहे. (सांगलीकरांना कृष्णाकाठची सपाटी घरबसल्या मिळते, त्यांची अडचण उलटी: ते साताऱ्याच्या हाफला आले की घाटात रडतात.) सपाटीवर एकच स्नायू, एकच कोन, तीस-पस्तीस हजार पावलं. घाटात चढाला एक स्नायू दमतो, उताराला दुसरा; आळीपाळीने विश्रांती मिळते. सपाटी ती देत नाही. 28 ते 32 किलोमीटरच्या तीन-चार धावा व्हायला हव्यात, शेवटची शर्यतीच्या तीन आठवडे आधी. सरावात पूर्ण 42 पळून बघायचा हट्ट धरू नका. त्यातून सावरायलाच तीन आठवडे जातात आणि हाती काही लागत नाही.

घाट सोडूही नका, पंधरा दिवसांतून एकदा ठेवा, पण उतारासाठी. यवतेश्वरहून खाली येताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. त्यात तंतू फाटतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. पण असं एकदा झालं की पुढचे काही आठवडे तो स्नायू तेवढाच मार कमी दुखण्यात सोसतो. मुंबईच्या शेवटच्या दहा किलोमीटरला हीच शिदोरी कामी येते. उतरताना मागे रेलू नका, टाच पुढे टाकू नका; पावलं आखूड आणि भराभर, पाय अंगाखालीच पडला पाहिजे. शर्यतीआधीच्या दोन आठवड्यांत मात्र घाट बंद.

खाणं. दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं, सुरुवात 40 ते 45 मिनिटांनी, भूक लागायची वाट न बघता. एका एनर्जी जेलच्या पाकिटात साधारण 22 ते 25 ग्रॅम असतात, मध्यम केळ्यात तेवढेच. ओआरएसवर विसंबू नका: लिटरभर पाण्यात ग्लुकोज फक्त 13.5 ग्रॅम असतं, ते मिठासाठी आहे, ताकदीसाठी नाही. शेंगदाण्याची चिक्की, कंदी पेढा वाटेत नको, स्निग्धांश पोटात रेंगाळतो. जे खाणार ते रविवारी पळताना चार वेळा खाऊन बघितलेलं असावं. आणि पाणी दिसेल तिथे ढोसू नका. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम खाली गेलेलं आढळलं, आणि शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं त्यांना हा धोका जास्त होता. तहानेप्रमाणे घोट घोट प्या.

मुंबईची दमट हवा हा साताऱ्याच्या माणसाला न दिसणारा घाट आहे. इथे जानेवारीत घाम वाळतो, तिथे अंगावर राहतो आणि अंग थंडच होत नाही. सरावायला दहा ते चौदा दिवस लागतात, आदल्या दिवशी जाऊन काही होत नाही. म्हणून डिसेंबरातले चार-पाच सराव पहाटे न करता सकाळी नऊनंतर करा. वेळेचं गणितही त्यावरच: पाच आठवडे आधी सपाटीवर एक हाफ पळा, तिच्या दुप्पट अधिक 15 ते 20 मिनिटं, हे तुमचं लक्ष्य. 4 तास डोक्यातून काढा.

आणखी एक, जे खरं तर वर यायला हवं होतं: वय पस्तिशीच्या पुढे असेल, बीपी-शुगर असेल किंवा घरात कुणाला लवकर हृदयविकार झाला असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. पळताना छातीत दाब, चक्कर आली तर तिथेच थांबायचं. आणि शर्यतीच्या सकाळी दुखू नये म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेणारे बरेच आहेत, ते करू नका. पाणी कमी झालेल्या शरीरात त्या गोळ्या मूत्रपिंडावर जातात.

बुटांचं: कंपनी सांगणार नाही, माझ्या पायाचा बूट तुमच्या पायाला लागू नाही. संध्याकाळी, पाय फुगलेले असताना, पळायचेच मोजे घालून दुकानात जा. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या नखाएवढी जागा हवी. बहुतेकांना रोजच्यापेक्षा अर्धा नंबर मोठा लागतो. नखं काळी पडतात ती पुढे जागा कमी पडल्यानेच. नवा जोड शर्यतीत घालू नका, त्यावर 80 ते 100 किलोमीटर झालेले असावेत. आणि घोट्याजवळ जे एक जादा भोक असतं ना, जे सगळे रिकामं ठेवतात, त्यातून लेस त्याच बाजूला परत ओवून छोटा फास करा, समोरच्या बाजूची लेस त्या फासातून काढा आणि मग आवळा. टाच जागेवर बसते आणि यवतेश्वरहून उतरताना बोटं पुढे आपटत नाहीत.