मुलाला एकही पुल-अप जमला नाही. आइस हॉकीच्या निवडीत फिटनेस टेस्टला किती महत्त्व असतं?

तुमचा 15 वर्षांचा मुलगा ट्रायआउटच्या टेस्टमध्ये बारला नुसता लटकून राहिला आणि तेव्हापासून गप्प गप्प आहे, असं तुम्ही लिहिलंय. त्याला सॅम बेनेटबद्दल सांगा. 2014 मध्ये एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या आइस हॉकी लीगच्या) ड्राफ्टआधी, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्याआधी, जी कम्बाइन नावाची चाचणी होते, तिथे या पोरालाही एक पुल-अप मारता आला नव्हता. केवढा गाजावाजा झाला होता तेव्हा! तरी कॅल्गरी संघाने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं. 2025 मध्ये फ्लोरिडा संघाने स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला तेव्हा प्लेऑफमध्ये (शेवटच्या बाद फेऱ्यांत) 15 गोल करून सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यानेच पटकावला.

म्हणून टेस्ट निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. सायकलवर 30 सेकंद जीव तोडून पेडल मारायची विंगेट टेस्ट घ्या. हॉकीत एक शिफ्ट, म्हणजे खेळाडू एका दमात बर्फावर असतो तो वेळ, साधारण 45 सेकंदांची असते, तेवढ्यात सगळी ताकद ओतायची आणि बाकावर येऊन श्वास जुळवायचा. ते जमेल का, याचा अंदाज विंगेटमधून येतो. टेस्ट संपल्यावर भलेभले ओकतात. पण कम्बाइनमध्ये पायात स्केट्स नसतात, हे विसरू नका.

माझ्या मते या सगळ्यात मोलाची असते ती डॉक्टरी तपासणी. 2008 मध्ये डेव्हिड कार्ल या मुलाच्या ईसीजीत गडबड दिसली आणि पुढच्या तपासणीत हृदयाचा स्नायू जाड झाल्याचं निघालं. त्याचं खेळणं तिथेच थांबलं, पण जीव वाचला असं मी मानतो. एनएचएलच्या टॅम्पा बे संघाने त्याला तरीही सातव्या फेरीत निवडलं, हे वाचताना मला आजही भरून येतं. पुढे तो अमेरिकेतल्या डेन्व्हर विद्यापीठाच्या हॉकी संघाचा कोच झाला आणि 2022 व 2024 मध्ये त्याच्या संघाने महाविद्यालयीन राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

माझा मुलगा कॅनडातल्या ब्रॅम्प्टनला खेळतो. वर्षभरात ताडमाड वाढला, हात नुसत्या काड्या. एका क्लबने पुश-अप्स मोजून त्याला वगळलं. मला राग आला तो याचा, की बर्फावर त्याला कोणी नीट पाहिलंच नाही. कोपऱ्यात पक (हॉकीतली रबरी चकती) घ्यायला जाताना तो आधी खांद्यावरून मागे बघतो, एकदा नाही, दोनदा. त्यामुळे पक काठीला लागायच्या आत तो कुठे द्यायचा हे त्याचं ठरलेलं असतं. कुठल्या सायकलवर मोजणार हे?

या वयात एकाची मिशी फुटलेली असते तर दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. त्यांना एका तक्त्यात वरखाली लावणं मला पटत नाही. मुलाचे आकडे तारीख घालून वहीत लिहून ठेवा, सहा महिन्यांनी तीच टेस्ट पुन्हा घ्या आणि त्याची तुलना फक्त त्याच्या स्वतःशी करा. आणि पुढच्या मॅचला काचेलगत बसून, पक यायच्या आधी तो किती वेळा मागे बघतो, ते जरूर मोजा.