काचकामाचे प्रश्न: भट्टी, भाव आणि शिसं

प्रश्न: घरी छोटी इलेक्ट्रिक भट्टी घेतलीय. खिडकीच्या काचेवर बिअरच्या बाटलीचे हिरवे तुकडे ठेवून ८०० डिग्रीला वितळवले, प्लेट भट्टीतून एकदम मस्त निघाली, पण दोन दिवसांनी टेबलावर ठेवलेली असताना आपोआप टक्कन तडकली. असं का झालं?
एक वाचक, तळेगाव

उत्तर: तळेगावातून काचेचा प्रश्न आला म्हणजे मजाच, १९०८ साली पैसा फंडाचा (लोकांच्या एकेका पैशाच्या वर्गणीतून जमलेला निधी) काच कारखाना तिथेच निघाला होता. असो. तुमची डिग्री ठीक होती, जोडी चुकली. खिडकीची काच आणि बाटली, दोन्ही सोडा-लाइमच (रोजच्या वापरातली साधी काच), पण रेसिपी वेगळी, त्यामुळे गार होताना एक जास्त आकसते एक कमी, आणि दोघी चिकटलेल्या असल्यामुळे एकमेकींना ओढत बसतात, तो ताण आत अडकून राहतो आणि मग कधी तासाभरात तर कधी महिन्याने सुटतो.

तडकलेली प्लेट फेकून दिली नसेल तर तडा नीट बघा. हिरव्या तुकड्याच्या कडेकडेने गेला असेल तर जोडीचाच दोष. मधूनच एस आकारात वळत गेला असेल तर अ‍ॅनिलिंग म्हणजे काच हळूहळू गार करणं कमी पडलं. आणि तड्याची धार बोथट, गुळगुळीत असेल तर तापमान चढवतानाच घाई झालीय, काच तेव्हाच फुटली आणि नंतर कड वितळली.

पुढच्या वेळी एकाच शीटमधून कापलेली काच वापरा, ती स्वतःशी जुळतेच. रंग हवा असेल तर फ्यूजिंगची, म्हणजे भट्टीत वितळवून जोडायची काच घ्या, पण ९० नंबरवाली (काच तापली की किती प्रसरते त्याचा हा नंबर) ९० बरोबरच, ९६ मध्ये मिसळायची नाही. खिडकीच्या काचेची सहा मिलिमीटर जाडीची प्लेट असेल तर साधारण ५५० ला तासभर थांबवा, मग ताशी ८० डिग्रीने ४३० पर्यंत उतरवा, मग बंद. झाकण उघडून डोकवायचं नाही प्लीज, सगळे तिथेच घात करतात.

ताण बघायची फुकटची ट्रिक म्हणजे एलसीडी मॉनिटरवर पांढरी स्क्रीन लावा, पोलराइज्ड गॉगल स्क्रीन काळी दिसेपर्यंत फिरवा आणि मध्ये प्लेट धरा. तुकड्याभोवती उजळ कडं दिसलं की समजा ही प्लेट गिऱ्हाइकाला द्यायची नाही.

प्रश्न: स्टेन्ड ग्लासची पॅनल्स करतो. एक दुकानदार माल ठेवायला तयार आहे, विकला गेला की ४० टक्के तो ठेवणार. मी माझ्या भावावर ४० टक्के चढवले तर जमेल ना?
एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: नाही जमणार. समजा काच, कॉपर फॉइल (काचेच्या कडेला लावायची तांब्याची पट्टी), सोल्डर (वितळवून जोड द्यायचा धातू) मिळून ६००, पाच तास मजुरी १५० ने ७५०, आणि फुटतूट, वीज, कटरची झीज असं २५०. झाले १६००. त्यावर ४० टक्के चढवले की २२४०, दुकानदार त्यातले ४० टक्के म्हणजे ८९६ घेणार, तुमच्या हातात १३४४. घरचेच गेले! १६०० ला ०.६ ने भागा, २६६७ येतं, म्हणजे लेबल २७०० चं. आणि तुम्ही स्वतः प्रदर्शनात विकता तेव्हाही २७००च सांगा, नाहीतर दुकानदार दुसऱ्या दिवशी माल परत पाठवेल आणि त्याचं काही चुकत नाही. फुटतुटीचे पैसे धरायला बहुतेकजण लाजतात, का ते मला कळलेलं नाही, सोनार घट धरतोच की. माल देताना कागदावर दोन गोष्टी लिहून घ्या: दुकानात फुटलं तर कोणाचं, आणि पैसे किती दिवसांत.

प्रश्न: सोल्डरमध्ये शिसं असतं म्हणतात, स्वयंपाकघरात बसून काम केलं तर चालेल का?
एक वाचक, ठाणे

उत्तर: नको. ६०/४० सोल्डरमध्ये ४० टक्के शिसंच असतं, फ्लक्सचा (सोल्डर नीट धरावं म्हणून आधी लावतात तो) धूर वेगळाच. बाल्कनीत बसा, काम झालं की हात साबणाने धुवा, टेबल ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका. आणि अशा सोल्डरने जोडलेल्या पॅनलचा ट्रे करून त्यात फळं ठेवायचा विचार असेल तर तोही सोडा.