आरटीएक्स ३०६० काढून ५०८० घ्यावे का, की भाव उतरेपर्यंत थांबावे?

तुमच्याकडे रायझन ५ ३६०० हा प्रोसेसर, १२ जीबी मेमरीचे आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड, ५५० वॅटचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) आणि २४ इंची १०८०पी (१९२०×१०८० पिक्सेलचा) मॉनिटर आहे. रोज व्हॅलोरंट हा नेमबाजीचा ऑनलाइन गेम आणि सुटीच्या दिवशी एखादा मोठा गेम खेळता, आणि साठवलेल्या पैशांतून आताच ५०८० घ्यावे की मित्र म्हणतात तसे भाव उतरेपर्यंत थांबावे, असे तुम्ही विचारले आहे. पहिल्या भागाचे उत्तर एका शब्दात देता येते: नको. दुसऱ्या भागावर मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण ‘थांब, भाव उतरतील’ हे वाक्य मी आमच्या घरातल्या प्रत्येक बारशाला, लग्नाला आणि गणपतीला आतेभावाच्या तोंडून ऐकत आलो आहे.

मी आरटीएक्स ३०८० घेतले ते सप्टेंबर २०२१ मध्ये, म्हणजे ज्या काळात इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगपायी (म्हणजे ग्राफिक्स कार्डांवर गणिते चालवून ते चलन कमावण्यापायी) चांगली कार्डे दुकानात पोहोचण्याआधीच संपत होती त्या काळात. ६९९ डॉलरला जाहीर झालेल्या त्या कार्डासाठी मी लॅमिंग्टन रोडवर १,३२,००० रुपये मोजले. शिवाय दुकानदाराने काउंटरवरचा खोका स्वतःकडे ओढून घेत सांगितले, “नुसतं कार्ड देत नाही, साहेब. बोर्डासोबतच मिळेल.” त्यामुळे ९,५०० रुपयांचा मला नको असलेला मदरबोर्डही गळ्यात पडला. लोकल दोन डोस घेतलेल्यांसाठी नुकतीच सुरू झाली होती, ग्रँट रोडहून दादर आणि दादरहून डोंबिवली असा प्रवास मी दोन्ही खोके मांडीवर घेऊन केला, आणि शेजारच्या गृहस्थांनी “मिक्सर का?” असे विचारल्यावर होय म्हणून मोकळा झालो.

घरी आल्यावर कळले की कार्ड जवळजवळ ३२ सेंटिमीटर लांब आहे आणि कॅबिनेटमधला हार्ड डिस्कचा पिंजरा काढल्याशिवाय ते आत बसणार नाही. पिंजरा रिव्हेटने ठोकलेला होता. तो करवतीने कापताना उडालेला पत्र्याचा कीस पुढे आठवडाभर गालिच्यातून पायाला टोचत होता. त्यानंतर गेम सुरू करून दहा मिनिटे होतात न होतात तोच संगणक खाडकन बंद पडू लागला. मी आधी कार्डाला, मग विंडोजला आणि शेवटी वीज मंडळाला दोष दिला, पण कारण साधे होते. या कार्डाची ठरलेली भूक ३२० वॅटची असली तरी काही मिलिसेकंदांपुरती ते त्याहून कितीतरी अधिक वीज ओढते, आणि तेवढ्यानेच माझ्या ५५० वॅटच्या एसएमपीएसची सुरक्षा व्यवस्था त्याला बंद पाडत होती. कंपनीने ७५० वॅटची शिफारस केली होती. ती मी वाचली होती आणि ती घाबरटांसाठी असते असे ठरवून बाजूला ठेवली होती. नवा एसएमपीएस आला. मग लक्षात आले की मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे, म्हणजे कार्डाने सेकंदाला दीडशे चित्रे काढली तरी पडद्यावर साठच दिसणार. प्रोसेसरही तुमचाच, ३६०० होता, त्यामुळे कित्येक गेममध्ये कार्डाचा वापर ५५ टक्क्यांच्या वर सरकत नव्हता.

तुमच्या बाबतीत हेच होईल असे मला वाटते. आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर लावून गेम चालू असताना कार्डाचा वापर पाहा. तो सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड कमी पडते आहे. साठ-सत्तरवर रेंगाळत असेल आणि तुम्ही फ्रेमची (सेकंदाला निघणाऱ्या चित्रांची) मर्यादा घातलेली नसेल, तर अडचण बहुधा प्रोसेसरची आहे. गेमचे रिझोल्यूशन ७२०पी करूनही फ्रेम वाढल्या नाहीत, तर शंकेला जागाच उरत नाही. व्हॅलोरंटमध्ये तुमचे ३०६० सुद्धा बहुधा निवांत बसलेले असेल. त्याच मदरबोर्डवर बायॉस (बोर्डाचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून रायझन ७ ५७००एक्स३डी किंवा साधा ५७००एक्स हा प्रोसेसर बसवा, १४४०पीचा (२५६०×१४४० पिक्सेलचा) मॉनिटर घ्या, आणि मग मोठ्या गेममध्ये कार्ड खरोखर धापा टाकू लागले तरच त्याचा विचार करा.

आता थांबण्याविषयी. माझ्या आतेभावाने १५ सप्टेंबर २०२२ पर्यंत वाट पाहिली. त्या दिवशी इथेरियमने मायनिंगची पद्धतच सोडली आणि मायनिंगवाल्यांनी आपली कार्डे विकायला काढली. नोव्हेंबरमध्ये त्याने तेच ३०८० एका मायनरकडून ४५,००० रुपयांना घेतले आणि घरातल्या पुढच्याच कार्यात सर्वांसमोर मला त्याचा फोटो दाखवला. त्या कार्डाची मेमरी ११० अंशांना पोहोचत असे, म्हणजे जेथे कार्ड स्वतःहून वेग कमी करते तेथे. त्याने थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या) बदलले, एक पंखा बदलला, आणि जानेवारी २०२४ मध्ये ते कार्ड गेले. वॉरंटी नव्हती. ४५,००० भागिले १४ महिने म्हणजे महिना ३,२१४ रुपये होतात. माझे कार्ड सप्टेंबर २०२५ मध्ये चार वर्षांचे झाले, म्हणजे महिना २,७५० रुपये, आणि ते अजून चालू आहे. (या हिशेबात माळ्यावर सीलबंद पडलेला मदरबोर्ड धरलेला नाही.)

ज्यांनी नव्या पिढीची वाट पाहिली त्यांचे काय झाले तेही पाहा. ३०८० ची जाहीर किंमत ६९९ डॉलर होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेले ४०८० थेट १,१९९ डॉलरचे निघाले, आणि जानेवारी २०२५ चे ५०८० हे ९९९ डॉलरचे. त्यात सप्टेंबर २०२० मध्ये ७३-७४ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर जानेवारी २०२५ पर्यंत ८६ च्या घरात गेला, आणि वर १८ टक्के जीएसटी आहेच. त्यामुळे ‘इलेक्ट्रॉनिक्स दरवर्षी स्वस्त होते’ हे आत्याच्या घरचे ब्रह्मवाक्य या वस्तूला लागू होत नाही. गरज असेल तेव्हा घ्यावे आणि नसेल तेव्हा घेऊ नये. ज्याला गरजच नाही त्याने भावावर नजर ठेवून बसणे ही खरेदीचीच एक लांबलेली खोड आहे.

आतेभावाने २०२२ च्या अखेरीस तेच पैसे नव्या, वॉरंटीच्या कार्डात घातले असते तर हिशेब माझ्याविरुद्ध गेला असता, हे मान्य करायला हवे. तेव्हा नवी कार्डेही बरीच उतरली होती.

हे सर्व १०८०पी मॉनिटर धरून लिहिले आहे. ४के पडद्यावर १०८०पीच्या चौपट पिक्सेल असतात, तेथे माझ्या कार्डाची १० जीबी मेमरी आता अपुरी पडते आणि मोठे कार्ड घेण्याला अर्थ आहे. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधले काम किंवा घरच्या घरी एआय मॉडेल चालवणे हा हेतू असेल तरीही हे उत्तर तुमच्यासाठी नाही. १४४०पीवर गेल्यानंतर कार्ड बदलावेसे वाटले, तर १६ जीबीचे ५०७० टीआय पुरेसे आहे. ते ३०० वॅटचे आहे आणि त्यासाठी ७५० वॅटचा एसएमपीएस सुचवलेला आहे, तर ५०८० साठी ८५० चा. दोन्हींपैकी काहीही घेतलेत तरी दुकानात जाण्याआधी कॅबिनेटच्या आत टेप धरून पाहा.