ऑपरेशन्समध्ये येताय? मग हे ऐका

फिरायची आवड आहे म्हणून ट्रॅव्हल कंपनीच्या ऑपरेशन्समध्ये, म्हणजे सहलींची व्यवस्था लावण्याच्या कामात, येत असाल तर आधीच सांगतो, ऑपरेशन्सवाला स्वतः फारसा फिरत नाही. तो लोकांना फिरवतो, तेही खुर्चीत बसून. पहिलं वर्ष बुकिंग, व्हाउचर (हॉटेलात दाखवायचा बुकिंगचा कागद) आणि रूमिंग लिस्ट (कोण कुठल्या खोलीत याची यादी) यांतच जाईल. जाऊ द्या. अमाडेयस किंवा गॅलिलिओ, कुठलीही एक आरक्षण प्रणाली हातात बसेपर्यंत शिका. दुसरी मग पटकन येते.

खरी गोम पासपोर्टच्या पानावर असते. तिकिटावरचं नाव पासपोर्टबरहुकूम हवं. मी एकदा नाव आणि आडनाव उलटसुलट टाकलं होतं, रात्री ११ वाजता विमान कंपनीच्या विनवण्या केल्या! मुदतही पाहा: बरेच देश पासपोर्टची ६ महिने वैधता शिल्लक मागतात. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या, अल्पमुदती व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. हे तोंडपाठच हवं.

हॉटेल, गाडी, गाइड, सगळ्यांना आदल्या दिवशी पुन्हा फोन करा. ईमेलवर 'कन्फर्म्ड' आलंय म्हणून निर्धास्त राहू नका.

आयाटाचा (विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा) कोर्स नोकरी लागल्यावर केलात तरी चालेल. तेव्हा तो जास्त कळतो.