ब्रेक्झिटच्या वाटाघाटींना ब्रिटिश जनता एवढी का वैतागली होती?

मुख्य कारण म्हणजे भिजत पडलेलं घोंगडं. जून 2016 च्या सार्वमतात 51.9 टक्के लोकांनी युरोपीय संघातून 'बाहेर पडा' असा कौल दिला. पण बाहेर पडायचं म्हणजे नेमकं कसं, हे मतपत्रिकेवर नव्हतंच. खरी गोम तिथेच होती, असं मला वाटतं.

मार्च 2017 मध्ये कलम 50, म्हणजे संघाच्या करारातलं बाहेर पडण्याचं कलम, लागू झालं आणि दोन वर्षांची मुदत सुरू झाली. सगळं अडलं ते आयर्लंडच्या सीमेवर. ब्रिटनला युरोपीय संघाच्या जकात व्यवस्थेतून बाहेर पडायचं होतं, पण ब्रिटनचा भाग असलेलं उत्तर आयर्लंड आणि संघात राहणारा आयर्लंड देश यांच्यामध्ये तपासणी नाकीही नको होती. उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार थांबवणाऱ्या 1998 च्या शांतता करारानंतर तिथे पुन्हा चौक्या उभारणं कोणालाच परवडणारं नव्हतं. आता हे दोन्ही एकत्र जमायचं कसं? तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी आणलेला तोडगा संसदेने जानेवारी 2019 मध्ये 432 विरुद्ध 202 मतांनी फेटाळला, मार्चमध्ये आणखी दोनदा. त्याच महिन्यात खासदारांसमोर आठ पर्याय ठेवले गेले, तर एकालाही बहुमत नाही! हे नको, ते नको, मग हवंय तरी काय?

'राहा'वाले चिडलेले होतेच, पण 'निघा'वाले जास्त संतापले, कारण ठरलेली 29 मार्चची तारीख हुकली. मे महिन्यातल्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत मे यांचा सत्ताधारी हुजूर पक्ष थेट पाचव्या क्रमांकावर गेला. डिसेंबरमधल्या संसदेच्या निवडणुकीत, मे यांच्या जागी पंतप्रधान झालेले त्याच पक्षाचे बोरिस जॉन्सन यांना मोठं बहुमत मिळालं, त्यात 'एकदाचं उरका' या भावनेचा वाटा मोठा होता.